क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेताना: ‘झिरो परसेंट’मागचे चार्जेस कसे शोधायचे

एका बँकेच्या क्रेडिट कार्डाचं बिल थकलं, की ती थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर वळवता येते. नवी बँक जुन्या कार्डाचे पैसे भरते आणि तुमचं देणं नव्या बँकेकडे जातं. यालाच बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. जुन्या कार्डावर महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के व्याज चालू असतं, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. नव्या कार्डावर काही महिने शून्य, नाहीतर एक-दीड टक्का. सौदा चांगला दिसतो, आणि नीट केला तर चांगला असतोही.

मी हे लातुरात राहून केलंय. मुलीच्या नीटच्या क्लासची फी आणि त्याच वर्षी घरातलं एक ऑपरेशन, दोन्ही कार्डावर आलं होतं. थकबाकी फिटली, पण त्या काळात एक गोष्ट पक्की कळली: फोनवर सांगतात तो फक्त व्याजाचा दर असतो. बाकीचे पैसे कुठून कुठून कापले जातात ते आपणहून कोणी सांगत नाही. आपल्याकडे तर जिल्ह्याच्या गावीसुद्धा बऱ्याच शाखांमध्ये कार्डाचं काम करत नाहीत, कस्टमर केअरचा नंबर हातात देतात. समोर बसून विचारायला माणूसच नसतो. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

सुरुवातीलाच सांगते: टक्के विचारू नका, रुपये विचारा. ‘हे खातं शून्य होईपर्यंत माझ्याकडून व्याज, फी आणि जीएसटी धरून एकूण किती रुपये जाणार?’ या प्रश्नाचं उत्तर लेखी मिळेपर्यंत कशालाही हो म्हणायचं नाही.

१. जुन्या कार्डाचं खरं देणं काढा

ॲपमध्ये दिसणारा ‘टोटल ड्यू’ म्हणजे पूर्ण देणं नव्हे. त्यात चार गोष्टी वेगळ्या करा: मागच्या स्टेटमेंटची रक्कम, त्यानंतर झालेली आणि अजून बिलात न आलेली खरेदी, चालू असलेले हप्ते (मोबाईल, फ्रिज वगैरे), आणि रोज वाढत असलेलं व्याज.

शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त लोकांच्या नजरेतून सुटते. समजा ६०,००० रुपये थकलेत आणि स्टेटमेंट निघाल्यावर २० दिवसांनी नव्या बँकेनं बरोबर ६०,००० रुपये भरले. जुनं कार्ड शून्य झालं असं वाटतं. पण त्या २० दिवसांचं व्याज वर्षाला ४२ टक्क्यांनी सुमारे १,३८० रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी जवळपास २५० रुपये. हे सोळाशे-सव्वासोळाशे रुपये पुढच्या स्टेटमेंटला येतात. आपण ते कार्ड कपाटात टाकलेलं असतं, मेसेजकडे लक्ष नसतं, आणि त्या रकमेवर लेट फी लागते. ट्रान्सफर झाल्यावर जुन्या कार्डाची निदान दोन स्टेटमेंटं उघडून पाहायचीच.

चालू हप्ते सहसा ट्रान्सफरमध्ये येत नाहीत. ते जुन्या कार्डावर तसेच चालू राहतात, किंवा फोरक्लोजरचा, म्हणजे मुदतीआधी फेडण्याचा, चार्ज भरून बंद करावे लागतात. हा चार्जही हिशेबात धरा.

२. काहीच केलं नाही तर किती जाईल

तुलना करायला हा आकडा लागतो. ६०,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे २,१०० रुपये व्याज, त्यावर जीएसटी ३७८. एका महिन्याचे २,४७८ रुपये.

इथे एक फरक समजून घ्या. पर्सनल लोन, सोनेतारण, घराचं कर्ज यांच्या व्याजावर जीएसटी नाही. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर आहे. म्हणून ‘पर्सनल लोनपेक्षा आमचा रेट कमी’ असं कोणी म्हणालं, तर कार्डाच्या दराला १.१८ ने गुणून मगच ताडून पाहा.

मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात किमान भरावीच लागणारी रक्कम, तीन-सव्वातीन हजार येत असेल तर त्यातले अडीच हजार व्याज आणि करातच जातात, मुद्दल पाच-सातशेनं हलतं. कार्डाच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल होता. तो सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे ‘एवढं व्याज लावताच येत नाही’ या भरवशावर कोणी बसू नये.

३. ऑफर कोणत्या जातीची आहे ते ओळखा

दोन प्रकार असतात.

पहिला, ठरावीक दिवसांचा. ६० किंवा ९० दिवस शून्य टक्का, कधी १८० दिवस कमी व्याज. मुदतीच्या आत पूर्ण रक्कम भरायची. मुदत संपली, की उरलेल्या रकमेवर नव्या कार्डाचा नेहमीचा दर लागतो. या काळात काहीच भरायचं नाही असा बऱ्याच जणांचा समज होतो. तसं नाही. दर महिन्याचा मिनिमम ड्यू भरावाच लागतो. तो चुकला तर लेट फी लागते, आणि पुष्कळ ऑफरमध्ये शून्य टक्क्याची सवलतच रद्द होते.

दुसरा, हप्त्यांचा. ६, १२, २४ महिन्यांचे समान हप्ते पाडून देतात. यात व्याज असतंच.

४. चार्जेस एकेक करून बाहेर काढा

खरं काम इथे आहे. वही घ्या आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीसमोर रुपयांचा आकडा लिहा.

प्रोसेसिंग फी. ही एकदाच लागते, पण पूर्ण रकमेवर लागते. समजा २ टक्के. ६०,००० वर १,२०० आणि जीएसटी २१६, म्हणजे १,४१६ रुपये. रक्कम लहान असेल तर ‘किमान इतके रुपये’ अशी अट असते, तिथे टक्केवारी फसवी ठरते. शून्य टक्का व्याज ९० दिवसांसाठी आणि फी २ टक्के, याचा अर्थ तीन महिन्यांचं व्याज आधीच कापून घेतलं. तरीही ते जुन्या कार्डापेक्षा स्वस्त पडू शकतं, फक्त त्याला फुकट समजू नका.

नव्या कार्डाची जॉइनिंग आणि वार्षिक फी. बॅलन्स ट्रान्सफरसाठी नवं कार्ड काढत असाल तर हीसुद्धा ट्रान्सफरचाच खर्च. ४९९ रुपये फी असेल तर जीएसटीसह ५८९. ‘लाइफटाइम फ्री’ म्हटलं असेल तर तसं अर्जाच्या कागदावर आहे का ते बघा.

आता वरचा हिशेब जुळवू. दर महिन्याला २०,००० भरून तीन महिन्यांत ६०,००० फेडायची तुमची ताकद आहे असं धरू. जुन्याच कार्डावर राहिलात तर व्याज आणि जीएसटी मिळून अंदाजे २,४७८, मग १,६५२, मग ८२६, एकूण ४,९५६ रुपये. नव्या कार्डावर १,४१६ आणि ५८९, एकूण २,००५. सुमारे २,९५० रुपये वाचतात. पण तीन महिन्यांत ४०,००० च भरले गेले, तर उरलेल्या २०,००० वर पावणेचार टक्क्यांनी महिन्याला ७५० रुपये व्याज आणि १३५ जीएसटी सुरू होतो. तीन-साडेतीन महिने तसेच गेले की बचत संपली.

फ्लॅट की रिड्यूसिंग. हप्त्यांच्या ऑफरमध्ये सगळ्यात मोठा घोळ याच जागी होतो. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर. रिड्यूसिंग म्हणजे उरलेल्या मुद्दलावर. ६०,००० रुपये १२ महिन्यांसाठी घेऊ. महिन्याला १ टक्का फ्लॅट असेल तर व्याज ७,२०० आणि हप्ता ५,६००. महिन्याला दीड टक्का रिड्यूसिंग असेल तर हप्ता सुमारे ५,५०१ आणि एकूण व्याज ६,०१० च्या आसपास. म्हणजे दीड टक्क्याची ऑफर एक टक्क्याच्या ऑफरपेक्षा स्वस्त! १ टक्का फ्लॅटचा खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. फोनवर ‘ओन्ली वन परसेंट, मॅडम’ ऐकलं, की लगेच हप्ता किती आणि किती महिने ते विचारा. हप्ता गुणिले महिने, वजा मुद्दल. आलेला आकडा म्हणजे व्याज. एवढं गणित कुठल्याही मोबाईलवर होतं.

हप्त्यातल्या व्याजावरचा जीएसटी. सांगितलेल्या हप्त्यात हा धरलेला नसतो. वरच्या दीड टक्क्याच्या उदाहरणात पहिल्या हप्त्यातलं व्याज ९०० रुपये आहे, त्यावर १६२ जीएसटी. म्हणून ५,५०१ सांगितलेला हप्ता स्टेटमेंटवर ५,६६३ दिसतो. वर्षभराचा हा जीएसटी १,०८० रुपयांच्या आसपास होतो.

फोरक्लोजर. मधेच पैसे आले आणि सगळं एकदम फेडावंसं वाटलं, तर उरलेल्या मुद्दलावर चार्ज लागतो. समजा ३ टक्के अधिक जीएसटी. आपल्या उदाहरणात सहा हप्ते झाल्यावर साधारण ३१,३४० मुद्दल उरतं. फोरक्लोजरचे १,१०९ रुपये जातात आणि पुढचं व्याज-जीएसटी मिळून १,९६६ वाचतं, फायदा साडेआठशेचा. नऊ हप्त्यांनंतर बंद केलंत तर फायदा जवळजवळ शून्य. काही ऑफरमध्ये प्रोसेसिंग फी कमी ठेवून फोरक्लोजर जड ठेवलेलं असतं, म्हणून दोन्ही एकाच वेळी विचारा.

नव्या कार्डावरची खरेदी. अनेक कार्डांच्या अटींत असं आहे, की मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज. ट्रान्सफर केलेली थकबाकीही यात मोजली जाते का ते विचारा. तुम्ही भरलेले पैसे आधी कर आणि फीत, मग व्याजात, मग थकबाकीत आणि खरेदीत कोणत्या क्रमानं जमा होतात, तो क्रमही अटींमध्ये लिहिलेला असतो. पैसे आधी शून्य टक्क्याच्या थकबाकीत गेले तर पावणेचार टक्क्यांची खरेदी तशीच चढत राहते. माझा सल्ला सरळ आहे: थकबाकी फिटेपर्यंत नव्या कार्डावर किराण्याची पिशवीसुद्धा घेऊ नका.

लिमिट. ट्रान्सफरची रक्कम नव्या कार्डाचं लिमिट खाते. बहुतेक बँका लिमिटच्या ठरावीक भागापर्यंतच ट्रान्सफर देतात. फी आणि जीएसटी वरून चढले तर लिमिट ओलांडू शकतं. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय ओव्हरलिमिट सुरू करता येत नाही, त्यामुळे ॲपमध्ये ते बटण बंद आहे ना, तेवढं बघून घ्या.

विमा. ‘कार्ड प्रोटेक्शन’, ‘क्रेडिट शील्ड’ अशा नावांनी दरमहा दोन-तीनशे रुपये जोडले जाऊ शकतात. ट्रान्सफर मंजूर व्हायला विमा लागत नाही. त्यासाठी वेगळी संमती घ्यावी लागते, ती देऊ नका.

रोख भरणा. आपल्याकडे अजून पुष्कळ जण, विशेषतः दुकानदार, कार्डाचं बिल शाखेत रोखीनं भरतात. बऱ्याच कंपन्या त्यावर शंभर रुपयांपासून पुढे चार्ज लावतात, अधिक जीएसटी. आधी खात्यात भरा आणि खात्यातून नेट बँकिंगनं किंवा यूपीआयनं बिल भरा.

५. ऑफरची मुदत आणि पैसा येण्याचा हंगाम जुळवा

पगारदार माणसाला तीन महिने म्हणजे तीन पगार. पण घरात शेती असेल, किंवा तुमचं दुकान शेतकऱ्याच्या पैशावर चालत असेल, तर तीन महिन्यांना तसा अर्थ नाही. पेरणीला जूनमध्ये बी-बियाणं, खत, डिझेल कार्डावर गेलं, जुलैच्या सुरुवातीला ९० दिवसांची ऑफर घेतली, तर ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. त्या वेळी सोयाबीन एकतर काढणीला आलेलं असतं, किंवा खळ्यावर असतं. आडतीवर नेलं तर ओलाव्याच्या नावानं भाव पडतो. हमीभावाच्या केंद्रावर नंबर लावला तर पैसे यायला आणखी वेळ. अशा घरानं ९० दिवसांची शून्य टक्क्याची ऑफर न घेता सहा महिन्यांची, थोडं व्याज असलेली घ्यावी. आकडे मांडले तर तीच स्वस्त पडते.

पीक येईलच हेही धरून चालू नका. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात उभं पीक पाण्यात गेलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. हप्ता असा ठरवा, की पिकाचा एक रुपया न येता तो निघेल.

आणि हेही तपासा, की बॅलन्स ट्रान्सफरच हवं का. घरात थोडं सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण कर्ज कार्डाच्या ४२ टक्क्यांपेक्षा कितीतरी स्वस्त असतं, त्याच्या व्याजावर जीएसटी नाही, आणि ते हंगाम आल्यावर फेडायची सोय असते. ‘सोनं गहाण टाकणं’ म्हटलं की घरात मान खाली जाते, हे मला ठाऊक आहे. पण कपाटातल्या पाटल्यांसाठी दर महिन्याला अडीच हजार रुपये बँकेला द्यायचे, हे मला पटत नाही.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. काही दुकानांत तुमचं बिल ते भरतात, मग तुमचंच कार्ड स्वाइप करून दोन-तीन टक्के कापून पैसे परत घेतात. याला ‘रोटेशन’ म्हणतात. थकबाकी एक रुपयानंही कमी होत नाही, कमिशन दर महिन्याला जातं, आणि कार्डाच्या अटींत हे बसत नसल्यामुळे बँक कार्ड बंद करू शकते.

६. हाताशी काय ठेवायचं

पॅन, आधार, पगाराच्या तीन स्लिपा किंवा आयकर विवरणपत्र (नवं कार्ड काढणार असाल तर), जुन्या कार्डाची शेवटची तीन स्टेटमेंटं, जुन्या कार्डाचा पूर्ण नंबर आणि त्यावरचं नाव. बहुतेक बँका दोन्ही कार्डांवर एकाच माणसाचं नाव असावं असं मागतात, म्हणजे नवऱ्याची थकबाकी बायकोच्या कार्डावर सहसा जात नाही. एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्येही ट्रान्सफर होत नाही.

अर्जाआधी स्वतःचा सिबिल रिपोर्ट पाहा. सिबिलसारखे, कर्जफेडीची नोंद ठेवणारे, देशात चार क्रेडिट ब्युरो आहेत आणि प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. एका आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर दिसते आणि स्कोअर खाली येतो.

७. फोनवर हो म्हणू नका

फोनवरचं बोलणं साधारण असं होतं:

‘मॅडम, झिरो परसेंट इंटरेस्ट आहे, फक्त वन टाइम प्रोसेसिंग फी.’
‘किती रुपये?’
‘मॅडम, एकदम नॉमिनल आहे. मी प्रोसेस करू ना?’
‘नको. फी, जीएसटी, मुदत संपल्यावरचा दर आणि फोरक्लोजर, चारही आकडे मला बँकेच्या ईमेलवरून पाठवा. ते वाचून मी ॲपमधून करेन.’
‘मॅडम, ऑफर आजच संपतेय.’
‘मग राहू द्या.’

एवढंच बोलायचं आणि फोन ठेवायचा. ‘यस’ हा तोंडी शब्दसुद्धा रेकॉर्डवर संमती म्हणून दाखवला जाऊ शकतो, म्हणून ‘हो, बरोबर’ असं सहज म्हणायची सवय या फोनवर सोडा.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये कार्डांसाठी नियमावली आणली. तिच्यानुसार कार्ड देणाऱ्यानं खरेदी, बॅलन्स ट्रान्सफर, रोख उचल, उशिरा भरणा अशा प्रत्येक प्रकाराचा वार्षिक दर वेगळा असेल तर तो वेगळा सांगायचा असतो आणि हिशेबाचं उदाहरणही द्यायचं असतं. अर्जासोबत एका पानाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ आणि ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ देणं बंधनकारक आहे. ते कागद बारीक अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत असतात. घरातल्या कॉलेजच्या मुलाला सोबत बसवा आणि ‘बॅलन्स ट्रान्सफर’ हे शब्द जिथे जिथे येतात तेवढी वाक्यं वाचून घ्या.

फसवणुकीचे फोनही याच नावानं येतात. ट्रान्सफरसाठी जुन्या कार्डाचा नंबर लागतो, पण जुन्या कार्डाचा सीव्हीव्ही किंवा जुन्या बँकेचा ओटीपी कोणालाच लागत नाही. तो मागितला की समजायचं. बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. साध्या मोबाईल नंबरवरून आलेल्या ‘बँके’शी व्यवहार करू नका. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

८. मधल्या दिवसांत जुनी ड्यू डेट सांभाळा

अर्ज मंजूर झाल्यापासून पैसे जुन्या कार्डात जमा व्हायला काही दिवस जातात, चेकनं पाठवले तर आणखी. या मधल्या काळात जुन्या कार्डाची ड्यू डेट आली तर मिनिमम ड्यू स्वतः भरा. नव्या बँकेनं ‘पाठवले’ म्हटलं म्हणजे जुन्या बँकेत पोचले असं नाही. जुन्या कार्डाच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत गृहीत धरू नका.

ऑटो डेबिट लावलेलं असेल तर दोन्हीकडून पैसे जाऊ शकतात. नव्या बँकेनं बिल भरलं आणि त्याच आठवड्यात तुमच्या खात्यातून जुन्या कार्डाचं पूर्ण बिल कापलं गेलं, तर पगार संपतो आणि पुढचा घराचा हप्ता बाउन्स होतो. ऑटो डेबिट आधी मिनिमम ड्यूवर आणून ठेवा.

तीन दिवसांपर्यंतचा उशीर झाला असेल तर घाबरू नका. ड्यू डेट उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही आणि ब्युरोलाही थकीत म्हणून कळवता येत नाही. आणि लेट फी फक्त भरायच्या राहिलेल्या रकमेवर मोजायची असते, पूर्ण बिलावर नाही.

९. नव्या कार्डाचं पहिलं स्टेटमेंट पेन घेऊन वाचा

त्यात या ओळी शोधा: बॅलन्स ट्रान्सफरची मूळ रक्कम, प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी, पहिला हप्ता (मुद्दल वेगळं, व्याज वेगळं), व्याजावरचा जीएसटी, जॉइनिंग फी. ईमेलवर आलेल्या आकड्यांशी एकेक टिक करत जुळवा. माझ्या पहिल्या स्टेटमेंटवर एक जास्तीची ओळ होती, दोनशेच्या आसपासचा विमा, जो मी मागितलाच नव्हता. ईमेलमध्ये त्याचा उल्लेख नाही हे दाखवल्यावर पुढच्या महिन्यात पैसे परत आले. लेखी ऑफर नसती तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

आणखी एक बघा. न भरलेल्या फी, दंड आणि करांवर व्याज लावता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या त्याच नियमावलीत आहे. फीवर व्याज दिसलं तर लगेच हरकत घ्या. मधेच चार्जेस बदलले असतील तर एक महिना आधी कळवलेलं असलं पाहिजे, आणि बदल मागच्या तारखेपासून लागू करता येत नाही.

१०. चुकीचा चार्ज लागला तर

आधी बँकेला ईमेल, फोन नाही. तक्रार क्रमांक घ्या. ईमेलमध्ये स्टेटमेंटची तारीख, ओळ, रक्कम आणि लेखी ऑफरमधलं वाक्य, एवढंच लिहा. राग लिहून काही मिळत नाही, आकडा लिहिला की मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार करा. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, मुंबईला जावं लागत नाही. १४४४८ या नंबरवर मराठीतही माहिती मिळते. बँकेला आधी न कळवता थेट तिथे गेलात तर तक्रार परत पाठवतात.

११. जुनं कार्ड बंद करा

कार्ड शून्य झालं, की ‘असू दे अडीनडीला’ असं वाटतं. दोन-चार महिन्यांत त्यावर पुन्हा खर्च चढतो आणि मग दोन थकबाक्या होतात. मी तरी बंदच करायला सांगेन, निदान वार्षिक फी असलेलं कार्ड तरी. फार जुनं आणि फुकटचं कार्ड असेल तर ठेवायला हरकत नाही, सिबिलच्या दृष्टीनं जुनं खातं बरं असतं.

बंद करण्याआधी वर सांगितलेलं राहिलेलं व्याज भरून टाका, रिवॉर्ड पॉइंट वापरा, त्या कार्डाला जोडलेलं मोबाईल रिचार्ज किंवा विजेचं बिल दुसरीकडे वळवा. मग ईमेलनं किंवा ॲपमधून बंद करायची विनंती द्या. काही देणं बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. त्याहून उशीर झाला तर बंद होईपर्यंत बँकेनं तुम्हाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. बंद झाल्याचा मेसेज आणि नो ड्यूजचं पत्र जपून ठेवा. ब्युरोकडे माहिती पोचायला थोडे दिवस जातात, म्हणून महिना-दीड महिन्यानं रिपोर्ट काढून ते खातं ‘क्लोज्ड’ दिसतंय का पाहा. ‘सेटल्ड’ दिसत असेल तर नो ड्यूजचं पत्र जोडून त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज टाका. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण न फेडता तडजोड केली असा अर्थ लावतात, आणि पुढचं घराचं किंवा ट्रॅक्टरचं कर्ज त्यावर अडतं.